सर्जन पृथ्वीवर आहेत

करवंदपाड्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियागृह होतं आणि सर्जन नव्हता. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शस्त्रक्रियागृहाचं उद्घाटन थाटात झालं होतं. फीत कापायची कात्री ऐन वेळी सापडेना, तेव्हा तिथल्याच हत्यारांच्या संचातली वापरली गेली. त्या संचाने त्यानंतर काहीही कापलं नाही. सुषमा सिस्टर मात्र दर सोमवारी ती सगळी हत्यारं वाफेच्या डब्यात घालून निर्जंतुक करीत आणि दसऱ्याला खोलीच्या कुलपाला झेंडूची माळ घालीत.

सर्जनचं पद रिक्त होतं असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. पद भरलेलं होतं. नेमलेला सर्जन यायचा, हजर झाल्याची सही करायचा आणि चहा निवायच्या आत प्रशासकीय सोयीसाठी दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर जायचा. सोय नेमकी कुणाची, हे हुकमात लिहायची पद्धत नव्हती.

रुग्णालय चालवीत होत्या डॉक्टर निलम सावे. त्या डहाणूच्या किनाऱ्याकडच्या. सायवनच्या पुढे आत, जिथे एसटीही फारशी येत नाही, तिथे त्या रोज स्कूटरवरून येत. बाळंतपणं, विंचू, साप, ताप हे सगळं त्या एकटीने निभावीत. पोट उघडायची वेळ आली, की पेशंटला रुग्णवाहिकेत घालून लांब पाठवीत. काही जण पोचत. काही जण वाटेतच सगळ्या दुखण्यांतून सुटत. ज्या दिवशी असं काही घडे, त्या दिवशी निलमबाई वर एक पत्र लिहीत. "आपले पत्र विचाराधीन आहे," असं उत्तर येई. वरचा विचार खोल असल्यामुळे त्याला वेळ लागत असे.

अशा या रुग्णालयाची अंतराळासाठी निवड झाली.

दीर्घपल्ला अंतराळ शल्यचिकित्सा मंडळ नावाची एक संस्था होती. माणूस उद्या दूरच्या ग्रहाकडे निघाला, प्रवासाला वर्षं लागली आणि मध्येच कुणाचं अपेंडिक्स बिघडलं तर काय करायचं, हा या मंडळापुढचा प्रश्न. यानात सर्जन नेता येईलच असं नाही. रक्ताची पेढी नाही. सामान संपलं तर मागवायचं कुणाकडून? सल्ला विचारावा तर निरोप पोचायलाच उशीर. अशा अवस्थेत ऑपरेशन कसं करावं, याचा सराव पृथ्वीवर करायचा होता. मंडळाने त्यासाठी एका मोठ्या शहरात कोट्यवधींची बंद खोली बांधली. पण तिथे कुणी ना कुणी डॉक्टर डोकावून जाई आणि वातावरण बिघडे. मग अंटार्क्टिकाचा विचार झाला. तो सोडून द्यावा लागला, कारण तिथे सर्जन असतो.

शेवटी मंडळाचे मोहीम संचालक जतीन पाठारे करवंदपाड्याला आले. तिशी-पस्तिशीचा, स्वच्छ बुटांचा, मनापासून काम करणारा माणूस. त्यांना रुग्णालय दाखवायला रुग्ण कल्याण समितीचे अध्यक्ष तात्या जातीने हजर होते. तात्यांची डहाणूकडे चिकूची मोठी वाडी. कोणीही पाहुणा आला, की तात्या आधी चिकूची पेटी देत आणि मग अडचण सांगत. त्यामुळे पाहुणा अडचण ऐकताना नेहमी खात असे.

"भूलतज्ज्ञ?" जतीननी विचारलं.

"नाहीत," निलमबाई म्हणाल्या.

"उत्तम. रक्त?"

"मागवावं लागतं. पोचेपर्यंत गरज उरत नाही."

"वीज?"

"येते अधूनमधून."

जतीनचे डोळे भरून आले. "मॅडम, हे आम्ही तिकडे किती खर्च करून निर्माण करत होतो! बरं, वरिष्ठांशी संपर्क?"

निलमबाईंनी पत्रांची आणि उत्तरांची हकीकत सांगितली. जतीननी मोबाईलवर हिशेब केला आणि चेहरा गंभीर केला. "या वेगाने निरोप जात-येत असतील, तर मॅडम, तुम्ही सूर्यमालेच्या बाहेर आहात."

"मला तसं वाटायचंच," निलमबाई म्हणाल्या.

एकच अडचण राहिली होती. अंतराळात माणसाला वजन नसतं. ते इथे कसं आणायचं? जतीन विचारात पडले. तेव्हा सुषमा सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आमच्या डॉक्टर मॅडमच्या शब्दाला इथे कधीच वजन नव्हतं." तीही अट पुरी झाली.

कुठल्या ग्रहाकडे जायचं हे ठरवायला बैठक बसली. मंडळाचा कल मंगळाकडे होता. तात्यांना तो अपमान वाटला. "मंगळावर काय, सगळेच निघालेत," ते म्हणाले. "आपलं हॉस्पिटल तीस खाटांचं आहे. निदान शनी तरी द्या." सूर्यमालेच्या आतला आणि मान राखणारा ग्रह म्हणून शनी मंजूर झाला. रुग्णालय कागदोपत्री शनीच्या वाटेवर निघालं. निलमबाई यानप्रमुख झाल्या, सुषमा सिस्टर यानपरिचारिका. सिस्टरनी खबरदारी म्हणून शनिवारी तेल वाहायला सुरुवात केली.

निलमबाईंना मनातून आशा होती, की मोहिमेबरोबर काही सामान येईल. ते आलं. भिंतीभिंतीला कॅमेरे आले. पेशंट तरंगत जाऊ नये म्हणून ऑपरेशनच्या टेबलाला पट्टे आले. सिस्टरना फरशीला चिकटणारे बूट मिळाले. ते घालून त्या चालत तेव्हा अख्ख्या वॉर्डाला कुणीतरी जुनी गोणी फाडतंय असा आवाज ऐकू येई. औषधं आली नाहीत. "औषधं दिली तर परिस्थिती सुधारेल," जतीननी समजावून सांगितलं, "आणि सुधारली तर अभ्यास कशाचा करायचा?" आवारातल्या चिंचेखाली तेवढी मोबाईलला रेंज येत असे. चिंचेला कुंपण घालून 'यानाबाहेरील पोकळी' अशी पाटी लावण्यात आली. रुग्णवाहिकेला 'परतीचे यान' म्हणून सील ठोकलं गेलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग घोटाळा झाला. सर्जन आला.

झालं असं, की शनीची बातमी पेपरात आली. कुठलंही रुग्णालय पेपरात आलं की खात्याला भीती वाटते. त्या भीतीच्या भरात खात्याने करवंदपाड्याला सर्जन नेमला, आणि गडबडीत त्याच्या प्रतिनियुक्तीचा हुकूम काढायचा राहून गेला. डॉक्टर नविन बॅग घेऊन दारात उभे राहिले. तरुण, गप्प स्वभावाचे, हात काम मागत असलेले. निलमबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

जतीन धावत आले. "हे कोण?"

"सर्जन," निलमबाई म्हणाल्या.

"यानात सर्जन?" जतीन मटकन बसले. "मॅडम, तीन मंत्रालयांची मंजुरी आहे. यानात सर्जन नाही, या एका गोष्टीवर ही मोहीम उभी आहे."

"पण मी हजर व्हायला आलोय," नविन म्हणाले. "हा हुकूम. करवंदपाडाच लिहिलंय."

"व्हा ना हजर. पृथ्वीवर व्हा."

तात्यांनी तोडगा काढला. महामार्गावर चारोटीला, एका ढाब्याच्या वर, त्यांच्या ओळखीचं लॉज होतं. तिथे 'पृथ्वी केंद्र' उघडण्यात आलं. डॉक्टर नविन तिथे बसणार आणि यानातून प्रश्न आला की बिनतारी यंत्रावरून सल्ला देणार. शनीपासून पृथ्वीपर्यंत निरोप जायला जो वेळ लागतो तो शास्त्रशुद्ध पाळला जाणार होता. म्हणजे निलमबाई आत्ता बोलल्या, तर यंत्र ते शब्द सव्वा तास दाबून ठेवणार आणि मग चारोटीला सोडणार. उत्तरही तसंच सव्वा तासाने. अशा रीतीने करवंदपाड्याला सर्जन मिळाला आणि तो मिळाल्यामुळे काही बिघडलंही नाही.

नविन चारोटीला राहू लागले. खालून ट्रकांचा आवाज, शेवभाजीचा वास, आणि समोर एक मुकं यंत्र. सराव म्हणून निलमबाई कधी विचारत, "जेवलात का?" अडीच तासांनी उत्तर येई, "हो, आता परत भूक लागलीय." या संभाषणाची मंडळाने फार कौतुकाने नोंद घेतली.

मग एका सकाळी लडक्या वरठा आला.

म्हणजे त्याला आणला. झरीकडे वीटभट्टीवर मजुरीला जाणारा लडक्या दोन दिवस पोट धरून घरी पडला होता. त्याची बायको शुक्री त्याला जीपमध्ये घालून घेऊन आली. बाई अंगाने काटकुळी, पण आवाज असा की जीपवाल्याने तिच्याकडून भाडं मागायचं धाडस केलं नाही. निलमबाईंनी लडक्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला, खाली हात ठेवला. त्याने ओरडून त्यांचा हात धरला. अंगात ताप होता. ओठ कोरडे पडले होते.

"अपेंडिक्स आहे," निलमबाई म्हणाल्या. "आत फुटायच्या बेतात असावं. आजच कापायला पाहिजे." आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "रुग्णवाहिका काढा."

"परतीचं यान," जतीननी हळू आवाजात दुरुस्ती केली. "मॅडम, ते आत्ता नाही निघू शकत. पृथ्वी आणि शनीची स्थिती अनुकूल नाहीये. पुढल्या वर्षीच्या आधी परतीची वाट नाही."

"हा खरा माणूस आहे, जतीन."

"म्हणून तर! आजवर सगळे बाहुल्यांवर सराव करतात. खरा रुग्ण, खरा आजार, खरी टंचाई! असा योग कुठल्या देशाला आलाय?" बोलता बोलता त्यांनी लडक्याच्या खांद्यावर मंडळाचं चिन्ह चिकटवलं. "अंतराळवीर क्रमांक तीन."

शुक्री हे सगळं ऐकत उभी होती. "काय सांगतोय हा?" तिने विचारलं.

"ग्रह अनुकूल नाहीत म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या. "शनी आडवा आलाय."

"शनी काय आम्हाला नवा हाय?" शुक्री म्हणाली. "त्याला बाजूला ठेवा. लडक्याला बघा."

निलमबाईंनी सुया टोचल्या, सलाईन चढवलं, होती ती औषधं दिली. मग यंत्रासमोर बसून बोलल्या, "नविन, पस्तिशीचा पुरुष, अपेंडिक्स, ताप, पोट कडक होत चाललंय. मी एकटी आहे. उघडू का?" यंत्राने ते शब्द गिळले आणि लाल दिवा लावला. मग सगळे वाट पाहत बसले. एका शब्दासाठी वाट पाहणं किती लांब असतं, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला त्या वेळी कळलं. लडक्या कण्हत होता. सिस्टर त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायला जात येत होत्या आणि प्रत्येक पावलाला गोणी फाटत होती. त्याच वेळी चारोटीहून एक उत्तर आलं. सगळे यंत्रावर झुकले.

"आज नाश्त्याला पोहे होते," डॉक्टर नविन म्हणाले. ते सकाळच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

शुक्री यंत्राकडे बघत राहिली. "या पेटीत कोण बोलला?"

"सर्जन," निलमबाई म्हणाल्या. "पोट कापणारे डॉक्टर."

"मंग ते इकडं का नाय? कुठं हायत?"

"पृथ्वीवर आहेत," जतीन म्हणाले.

शुक्रीने खाली जमिनीकडे पाहिलं, मग जतीनकडे. "आपण कुठं हाव?"

"आपण म्हणजे यान शनीजवळ. तुम्ही नाही. नातेवाईकांना यानात धरलेलं नाही. अंतराळवीराचे नातेवाईक पृथ्वीवरच असतात, असा नियम आहे."

"म्हणजे मी पृथ्वीवर हाय?"

"हो."

"मंग तो आणि मी एकाच गावात झालो," शुक्री म्हणाली आणि निलमबाईंकडे वळली. "डॉक्टरीणबाय, पृथ्वीवर म्हंजे नेमका कुठं?"

निलमबाईंनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी जे काही सांगितलं होतं ते वरच्यांना सांगितलं होतं, अदबीने, पत्रातून. आता पहिल्यांदा त्यांनी योग्य माणसाला सांगितलं. "चारोटीला. नाक्यावरच्या ढाब्याच्या वर, लॉजमध्ये. पहिली खोली."

"मॅडम!" जतीन ओरडले. "तुम्ही पृथ्वीचं स्थान उघड केलंत!"

तोवर शुक्री दाराबाहेर गेली होती. जीप अजून उभीच होती, कारण ड्रायव्हर भाडं मागायचा धीर गोळा करत होता. त्याने तिला येताना पाहिलं आणि गाडी चालू केली.

कासा ओलांडून जीप चारोटीला पोचली तेव्हा डॉक्टर नविन खाली ढाब्यावर जेवायला बसले होते. वर खोलीत यंत्र मुकं होतं. निलमबाईंचा निरोप अजून गुरूच्या आसपास होता. शुक्रीने एकेका टेबलाकडे पाहिलं. एका माणसाच्या छातीवर 'पृथ्वी' असं लिहिलेलं ओळखपत्र लटकत होतं.

"तू पोट कापणारा ना?"

नविननी घास तसाच ठेवला. "हो."

"चल. करवंदपाड्याला माझा नवरा मरतोय. अपेंडिस हाय."

"मला तसा निरोप नाही आला."

"निरोप वाटेत हाय," शुक्री म्हणाली. "मी आधी आले."

नविन चांगले डॉक्टर होते. पण महिनाभर पृथ्वीवर बसून राहिलेल्या माणसाला उठायला थोडा वेळ लागतो. "बाई, मला इथून हलायची परवानगी नाही. मी पृथ्वीवर असलो पाहिजे."

"करवंदपाडा काय आभाळात हाय? पाय लावून बघ की."

नविननी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, फक्त घाई होती. त्यांनी हात धुतले, वरून बॅग आणली आणि तिच्या पुढे पळत जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत एकदाच त्यांनी विचारलं, "ओकारी झाली का? ताप कधीपासून?" शुक्रीने सगळं सांगितलं. प्रश्न विचारताच उत्तर मिळतं, याचं त्यांना नवल वाटलं.

रुग्णालयाच्या दारात जतीन हात पसरून उभे होते. "डॉक्टर, प्लीज. शास्त्राचा विचार करा. तुम्ही दीडशे कोटी किलोमीटर लांब आहात."

"मला पेशंट दिसतोय," नविन म्हणाले.

"तो भास आहे. यानाचं दार बाहेरून कुणालाही उघडता येत नाही, तसा नियम आहे."

तेवढ्यात दार आतून उघडलं. दारात निलमबाई उभ्या होत्या, डोक्याला टोपी, हातात मोजे. "यानप्रमुखाला आतून उघडता येतं," त्या म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे. नविन, हात धुवा. सिस्टरनी संच काढलाय."

नविननी कमरेत सुई देऊन भूल दिली. लडक्याला टेबलावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर ते पट्टे कामाला आले, कारण तो भीतीने टेबलावरून उठून पळायच्या विचारात होता. सुषमा सिस्टरनी ते चिकट बूट काढून कोपऱ्यात फेकले आणि अनवाणी पायांवर घरातल्या सपाता चढवल्या. फीत कापणाऱ्या कात्रीने आज पहिल्यांदा दोरा कापला. निलमबाईंनी पोटाच्या कडा धरून ठेवल्या.

आणि वीज गेली.

जनरेटरला डिझेल नव्हतं. खोलीत अंधार, मध्ये उघडं पोट. "कुणीतरी दिवा आणा," नविन शांतपणे म्हणाले. दाराशी चुळबुळ झाली आणि एक प्रखर उजेड आत आला. चित्रीकरणाचा बॅटरीवरचा दिवा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जतीन उभे होते. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. रक्त पाहिलं की त्यांना चक्कर येत असे, म्हणून तर ते अंतराळाकडे वळले होते.

"थोडा डावीकडे," नविन म्हणाले.

"डावीकडे म्हणजे कुणाच्या?" जतीननी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"पेशंटच्या."

"पेशंट कुठंय?"

"शनीवर," लडक्या टेबलावरून पुटपुटला. सुईने त्याचं पोटातलं दुखणं गेलं होतं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गंमत सुचत होती.

अपेंडिक्स निघालं. फुटलं नव्हतं, पण फार वेळ थांबणारही नव्हतं. नविननी शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि मान वर केली. नेमक्या त्याच वेळी वीज आली आणि यंत्राचा दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी ऐकलं, की यंत्रातून डॉक्टर नविन बोलतायत. ढाब्यावर जेवायला उतरण्याआधी त्यांनी सोडलेला तो निरोप होता: "मॅडम, बराच वेळ काही विचारलं नाहीत. सगळं ठीक दिसतंय."

बाहेर बाकावर शुक्री बसली होती. निलमबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "झालं. वाचला." शुक्रीने पदराने तोंड पुसलं, आणि मग इतका वेळ न आलेलं रडणं तिला आलं. निलमबाईंनाही आलं. दोघींनी मिळून थोडं रडून घेतलं. कॅमेऱ्याने ते टिपलं आणि 'यानप्रमुखाच्या मानसिक अस्थैर्याची लक्षणे' या सदरात टाकलं.

पुढचे दोन दिवस मंडळात गंभीर चर्चा झाली. मोहीम फसली असं म्हणावं तर दिल्लीला काय सांगायचं? यशस्वी झाली म्हणावं तर सर्जन आत कसा आला? त्यातून मोठा शास्त्रीय पेच होता. सर्जन स्वतःच्या निरोपाच्या आधी पोचला होता, म्हणजेच तो प्रकाशापेक्षा वेगाने आला होता. जीपवाल्याची कसून चौकशी झाली. त्याने एवढंच सांगितलं, की कासा गावात म्हशी आडव्या आल्या नसत्या तर याहून लवकर आणला असता.

शेवटी अहवाल तयार झाला. 'शनीनजीक पार पाडलेली जगातील पहिली शस्त्रक्रिया' असं त्याचं नाव. सर्जनच्या उपस्थितीचा उल्लेख 'बाह्य व्यत्यय' या शीर्षकाखाली एका ओळीत होता. दिवा धरल्याबद्दल जतीन पाठारेंना पदक मिळालं. ते घेताना त्यांना खरोखर लाज वाटली, पण पदक लावून काढलेला फोटो चांगला आला होता. शुक्रीवर 'विनापरवाना ग्रहांतर' असा ठपका ठेवायचा विचार होता. ती पृथ्वीवरून पृथ्वीवरच गेली होती हे लक्षात आल्यावर तो सोडून देण्यात आला.

डॉक्टर नविनना बढती मिळाली. अंतराळ शल्यचिकित्सा समन्वयक म्हणून त्यांना राजधानीतल्या कचेरीत टेबल दिलं गेलं. तिथे पेशंट येत नाही. जायच्या दिवशी ते निलमबाईंना म्हणाले, "मी नको म्हणून लिहून दिलंय." निलमबाई म्हणाल्या, "ते विचाराधीन असेल." दोघंही हसले आणि मग कोणीच हसलं नाही.

तात्यांना या सगळ्याचा फार अभिमान होता. त्याच सुमारास त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ते हद्दीपलीकडे गुजरातेत एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी गेले. आपल्याच रुग्णालयात का नाही, असं सिस्टरनी विचारलं तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "नको गं बाई. ते एवढं वर गेलं आता. आपण बाबा जमिनीवरची माणसं."

लडक्या टाके काढायला आला. निलमबाईंनी काढले. शस्त्रक्रियागृहाला कुलूप होतं, शेजारी संगमरवरी पाटी लागली होती. शुक्रीने ती सिस्टरकडून वाचून घेतली. त्यात तात्यांचं नाव होतं, जतीनचं होतं, आणखी चार जणांचं होतं. "लडक्याचा नाय," ती म्हणाली. "बरं झालं. पाटीवर नाव मेल्यावर येतं."

करवंदपाड्याचं यश पाहून मंडळाने दुसऱ्या टप्प्याची घोषणा केली. देशभरातून आणखी तालुके निवडायचे होते. अट एकच, तालुक्यात सर्जन नसावा. निवड जनतेच्या मतांनी, मोबाईलवरून. निवडलेल्या तालुक्याला एक ग्रह आणि महामार्गावर स्वागत कमान.

प्रतिसाद असा आला की यंत्रणा कोलमडली. प्रत्येक तालुका आपल्याकडे काहीच नाही हे हिरिरीने सिद्ध करू लागला. ज्यांच्याकडे चुकून सर्जन होता, त्यांनी शिष्टमंडळं नेऊन त्याची बदली करून घेतली. एका ठिकाणी सर्जन हटेना, तेव्हा बाजारपेठ बंद पाळण्यात आली.

वाचकहो, आपल्याही तालुक्याचं नाव होतं. ती लिंक आपल्याला आली, आपण मत दिलंत आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर पुढे पाठवलीत. 'आपल्या तालुक्यात सर्जन आहे काय?' असा पहिलाच प्रश्न होता. आपण बेधडक 'नाही' वर बोट ठेवलंत. आपल्याला ठाऊक होतं म्हणून नव्हे. आपण कधी चौकशीच केली नव्हती, आणि 'नाही' म्हटल्यावर गुण मिळत होते.

निकाल लागला. आपला तालुका नेपच्यूनसाठी निवडला गेला. ढोल आले, गुलाल आला, आपण मिरवणुकीत पुढे होतात. स्टँडजवळ गर्दीत एक मध्यमवयीन बाई मोठी सुटकेस ओढत उलट्या दिशेने येत होत्या, सुरतेची गाडी गाठायची म्हणून वाट मागत होत्या. या गर्दीतल्या बऱ्याच जणांची पोटं त्यांनी कधी ना कधी उघडून शिवलेली होती. त्यांनी आपल्याकडेही ओळखीचं हसून पाहिलं. आवाजात त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

"बाजूला व्हा हो," आपण म्हणालात, "मिरवणूक जाऊ द्या."

त्या बाजूला झाल्या.